सोळाशेची रेघ

रोशन, तू काळा टी-शर्ट घातला होतास म्हणून मेलास, असं गावात म्हणतात.

टपरीवर म्हणतात, तुझ्या घरी बसायला आलेले लोक अंगणातून उठता उठता म्हणतात. "पहाटच्या अंधारात काळे कपडे घालून रोडनं कायले धावा लागते गा?" एवढं बोलून मान हलवतात, विषय संपतो. तो रेतीचा टिप्पर धुक्यात लाईट बंद ठेवून कशाला येत होता, हे कोणी विचारत नाही. वैनगंगेतून चोरून उपसलेली रेती उजाडायच्या आत पोचवायची असते, म्हणून येत होता. हे सगळ्यांना माहीत आहे, आणि माहीत आहे म्हणूनच कोणी विचारत नाही.

पहिल्याच दिवशी मी दोघांशी भांडले. आईने हात धरून घरी आणलं. "मयताच्या घरी भाषण नाही देत, शुभे." पण मी पत्रकं लिहिणारी मुलगी, मला दुःख झालं की मुद्दे सुचतात. तुला हे ठाऊक होतं. पंकजच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून तू म्हणायचास, "हिच्या घरी कोणी वारलं तं ही तेरवीच्या पत्रिकेतबी मागण्या छापीन." पंकज खुर्चीतून पडेपर्यंत हसायचा. आता तेरवी झाली, तुझीच. आणि मागण्या छापून झाल्या आहेत, त्याही तुझ्याच. ते कसं झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

टी-शर्टचा रंग तूच निवडला होतास. नितेशसाठी धाव ठेवायची ठरली तेव्हा. नितेश म्हणजे आपल्यातला सगळ्यात चपळ, तुझ्याबरोबर पोलीस भरतीची तयारी करणारा, उन्हाळ्यात त्याच रोडवर पिकअपनं उडवलेला. कमरेखाली पाय हलत नव्हते. नागपूरचा इलाज त्याच्या घरच्यांच्या आवाक्याबाहेरचा होता, म्हणून पंकजनं कुठं तरी पाहून कल्पना आणली: आपणही शहरासारखी धाव ठेवू, गावागावातून लोक येतील, नितेशच्या नावाची पेटी फिरवू.

"टी-शर्ट पांढरे घेऊ," पंकज म्हणाला. "शांतीचा रंग."

"शांती दोन दिवसांत मातीची होते बे," तू म्हणालास. "काळे घे. मळत नाही. धाव झाल्यावर पोट्टे सरावाले वापरतीन."

आपल्या तिघांच्या डोक्यात तेवढंच आलं, मळत नाही. रोज मातीत व्यायाम करणारी, कपड्यांच्या दोनच जोडांवर हिवाळा काढणारी पोरं दुसरा कोणता विचार करणार? आज ज्यांना तुझ्या टी-शर्टचा रंग दिसतो, त्यांनी कधी तुझे दोन जोड दोरीवर वाळताना पाहिले नाहीत.

त्या बैठकीत मी भांडले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. मी म्हटलं, आपण नितेशच्या कमरेसाठी धावतोय, पण ती कंबर कुठं मोडली ते बॅनरवर का नाही लिहायचं? गावाला शाळेचं एवढं मोठं मैदान आहे. दिवाळी झाली की त्यावर खरेदी केंद्राची धानाची पोती येऊन पडतात, कारण गोदाम एक, तेही गेल्या सालच्या धानानं भरलेलं. मिलवाले उचल करत नाहीत. ताडपत्र्या, उंदरं, पोत्यांच्या थप्प्या, आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत मैदान असं नाहीच. मग भरतीची पोरं धावतात रोडवर. नितेश रोडवर होता, कारण मैदानावर पोती होती. हे एक वाक्य बॅनरवर टाकायला काय हरकत आहे?

तू म्हणालास, "पह्यले त्याची कंबर सरळ होऊ दे, मंग तुहं मैदान."

मी चिडले. दान मागायचं आणि हक्क मागायचा नाही, ही मला भीकच वाटते. अजूनही वाटते, मेल्यावर माणसाला खूश करायला मत बदलायचं नसतं.

माझं पत्रक तेव्हाच तयार होतं. वर जाड अक्षरात 'पोती हटवा, मैदान द्या!' खाली सह्या. तुझ्याकडे आले तर तू हात मागे घेतलेस, जसं काही मी विस्तव पुढे केला.

"सही नको मागू."

"का?"

"पडताळणी."

तेवढा एकच शब्द. मला तो शब्द नवा नव्हता. भरती झाली तरी पोलीस घरी येतात, ठाण्यात कागद पाहतात, चारित्र्य तपासतात. एक गुन्हा, मग तो घोषणा दिल्याचा का असेना, आणि वर्दी गेली. जाहिरात येणार, येणार म्हणून तू दोन हिवाळे धावत होतास. मोर्चाच्या दिवशी तू आमच्या गल्लीतूनसुद्धा जायचा नाहीस.

"भित्रा आहेस तू," मी म्हटलं.

"भित्रा नाही वं," तू हसून म्हणालास. "उमेदवार हाओ."

आणि मग तुझं ते नेहमीचं: "वर्दी भेटू दे. तुमच्या मोर्चाच्या बंदोबस्ताले मीच येतो. तुले गाडीत टाकताना हात सांभाळून धरीन, बांगड्या फुटू नाही देणार."

"मी बांगड्या घालत नाही."

"मंग तं कामच सोपं."

धावेचा दिवस आठवतो का? पाहुणे उशिरा आले, हारतुरे झाले, मग झेंडी. पोलिसांनी रोड दोन्ही बाजूंनी अडवला होता. लुगड्यातल्या बायका, शाळेची पोरं, बँडवाले, पवनीहून आलेले दोन डॉक्टर, सगळे आपले काळ्या टी-शर्टात. पुढे रोडवरच त्याच्या घराच्या व्हरांड्यात खाटेवर नितेश, त्याच्या अंगातही एक घातलेला. आणि तो रोड! एकही टिप्पर नाही, एकही पिकअप नाही. मी त्या रोडला पहिल्यांदाच मोकळं पाहिलं. तू झेंडीजवळ उभा होतास, पायाचे अंगठे हलवत. म्हणालास, "रोज असा बंद ठेवला असता तं?" उत्तराची वाट न पाहता निघालास.

निघालास तो असा की बँडवाल्यांचा ताल चुकला. स्टँडपासून सुटलेला तू दिसेनासा झालास. मी मागे, धापा टाकत, नाकानं श्वास घे, तोंडानं नको, ही तुझीच शिकवण आठवत. मला धावायला तूच शिकवलंस. म्हणायचास, धावताना बोलू नको, श्वास संपते. माझ्या आयुष्यात मी गप्प राहिले असेन तर त्या सकाळी, तुझ्या मागे.

मोहाच्या झाडाजवळ आले तर तू रोडच्या कडेला बसलेला. मांडी घालून. मला वाटलं पाय मुरगळला.

"काय झालं? लागलं का?"

"नाही."

"मग?"

तू बोटानं दाखवलंस. डांबराच्या कडेवर पांढरी रेघ. स्टँडपासून त्या झाडापर्यंत सोळाशे मीटर, पंकजच्या गाडीच्या मीटरवर मोजलेले. तू तिथं फक्की टाकायचास, मैदानावर रेघा मारतात तो चुना. दव पडलं, चाकं गेली, पुसली की पुन्हा टाकायचास. भरतीत सोळाशेच धावावं लागतं, म्हणून तू सोळाशेच धावायचास. सगळा जीव त्या रेघेपर्यंत पुरवायचा आणि तिथं संपवायचा.

"रेघ आली," तू म्हणालास.

"अरे पण धाव पाच किलोमीटरची आहे!"

"डोक्याले माहीत हाय. पायाले कोण सांगन?"

मी इतकी हसले की मीही बसले. सगळ्यात पुढचा आणि मागे पडलेली, दोघं एका रेघेवर. तेवढ्यात तुझी आई स्लिपर फटफटवत आली, पदर खोचलेला, आपल्याला ओलांडून पुढे गेली. मागे वळून म्हणाली, "काय गा, हेच पोलीस होते काय चोराच्या मागं धावणार?"

मग आपण उठून चालायला लागलो. आणि त्या चालण्यात जे बोललो ते अर्धंच राहिलं.

तू म्हणालास, "काढ ते पत्रक. मले माहीत हाय, आणलंच असशीन."

आणलं होतं, कमरेला खोचून. तू चालता चालता वाचलंस. हेही सांगते: या गावात माझं पत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा तू एकटा होतास. बाकीचे त्याचे शेंगदाण्याचे पुडे करतात.

"'पोती हटवा' काहून लिहिलं?"

"मग काय लिहू?"

"त्या पोत्यात माह्या बापाचं धान हाय, शुभे. तिकडच्या थप्पीत. मापच नाही झालं अजून. हटवा म्हणजे त्यानं कुठं न्यावं? डोक्यावर घेऊन बसावं? हे वाचलं का माहा बाप तुह्या विरोधात उभा होते. आन् सारे शेतकरी त्याच्या मागं." थोडं पुढं गेल्यावर म्हणालास, "'गोदाम द्या' लिही. गोदाम झालं तं मैदान आपोआप मोकळं होते. भांडण पोत्यासंग नाही ना आपलं."

मला त्याच क्षणी कळलं की हे माझ्यापेक्षा चांगलं आहे. चालता चालताच कळलं. पण तोंडातून निघालं ते हे: "गोदाम व्हायला दहा वर्षं लागतील. तोवर तुम्ही रोडवर मरा."

असं आपण बोलतोच. मरा, खपा, जा मसणात. तूही ते मनावर घेतलं नाहीस. म्हणालास, "भरती झाली का पह्यली सही माही. पण शब्द बदलजो." मी म्हटलं, "बघू." तेवढ्यात नितेशचं घर आलं, त्याच्या बाबांनी चहाचे कप पुढे केले, आणि विषय तिथंच राहिला. नितेश खाटेवरून ओरडला, "रोशन्या, तुले तं बायांनी हरवलं बे!" तू त्याच्या पायथ्याशी बसलास आणि त्याचे पाय दाबायला लागलास, ज्यांना दाबलेलं कळत नव्हतं.

'बघू' म्हणून मी काय बघितलं? घरी येऊन एका कागदावर 'गोदाम द्या' लिहून पाहिलं. चांगलं दिसत होतं. तुला सांगितलं नाही. वाटलं, चार दिवस याला ताणू. लगेच हो म्हटलं तर हा डोक्यावर बसेल. चार दिवसांचे आठवडे झाले. मी सकाळच्या पहिल्या एसटीनं भंडाऱ्याला जायची, स्टँडवर उभी असायची, तू समोरून सुटायचास. थांबायचा नाहीस, घड्याळ चालू असायचं. नुसता हात वर करायचास. मीही हात वर करायची. एवढ्यावर आपण महिना काढला, रोशन. एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो? 'तुझे शब्द बरोबर आहेत.' तू धावता धावता ऐकलं असतंस.

त्या सकाळी मी स्टँडवर नव्हते. तू आधीच निघाला होतास, धुकं होतं. मी आले तेव्हा रोडवर माणसं जमलेली. तू रेघेच्या थोडा अलीकडे होतास. पंचनामा करणारे रेघेवरूनच ये-जा करत होते, त्यांच्या बुटांनी फक्की पसरत होती, आणि मी त्यांना सांगत होते, बाजूनं चाला, बाजूनं चाला. एकानं विचारलं, "ही कोण?" कोणी तरी म्हणालं, "मोर्चावाली हाये, साहेब." तेवढ्यानं माझं म्हणणं संपलं.

तेरवीनंतर पंकज माझ्याकडे आला. डोळे सुजलेले. म्हणाला, रोशनच्या नावानं धाव ठेवू. या वेळी टी-शर्ट पिवळे, तुझा फोटो छापलेले. त्याच रोडवर, परवानगी काढून. मी ओरडले, "पुन्हा तासभर रोड बंद, पुन्हा पाहुणे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टिप्पर?" तो म्हणाला, "मंग तू सांग काय करू. मले धाव ठेवता येते, तेवढं मी करून राहिलो." बरोबर होतं त्याचं. ज्याला जे येतं ते तो करतो. मग मी मला जे येतं ते सांगितलं: धाव ठेव. पण सगळ्यांनी रोशनच्या रेघेवर थांबायचं. तो थांबला होता तसं. आणि बसायचं. तास संपला, पोलिसांनी रोड उघडला, तरी उठायचं नाही.

भरतीची सगळी पोरं-पोरी एका पायावर तयार झाली. मुठी वळून बसली होती. मी खूश व्हायला हवं होतं. इतकी माणसं माझ्या कोणत्याच मोर्चाला आली नव्हती. पण मी एकेकाकडं पाहत गेले आणि मला प्रत्येकाच्या जागी तूच दिसायला लागलास, हात मागे घेणारा.

"तुम्ही बसायचं नाही," मी म्हटलं. "तुम्ही रेघ ओलांडून पुढं पळायचं. धाव पूर्ण करायची. बसायला आम्ही आहोत."

एक मुलगी तटकन उठली. "काहून? आमी भित्रे हाओ काय?"

"नाही," मी म्हटलं. "उमेदवार आहात."

तुझा शब्द माझ्या तोंडून निघाला. पंकज खाली मान घालून रडत होता.

काल ती धाव झाली. सकाळी मोहाच्या झाडाजवळ पोचले तर तुझे बाबा आधीच तिथं. वाकून, ओंजळीतून फक्की सोडत, नवी रेघ ओढत होते. धान पेरणारा हात. रेघ तुझ्यापेक्षा सरळ आली. मी जवळ गेले तर म्हणाले, "कागदावर काय लिहिलं पोरी? वाच."

मी वाचलं. गोदाम द्या. मैदान मोकळं करा. पहाटेचे रेतीचे टिप्पर बंद करा.

उरलेली फक्की त्यांनी रेघेवर सोडली. मग म्हणाले, "पह्यलं तं पोती हटवा होतं म्हणे."

"होतं, काका."

"मी तुह्यावर नाराज होतो. त्याले सांगतलंबी होतं, तुह्यासंग फिरू नको म्हणून." त्यांनी हात झटकले. "हे बरोबर हाय. हे असंच तो घरी बोले."

"त्याचेच शब्द आहेत, काका. मी उशिरा घेतले."

तुला सांगायचं होतं ते तुझ्या बापाला सांगितलं. ते रेघेच्या अलीकडे बसले. त्यांच्या शेजारी त्याच थप्पीतले आणखी शेतकरी, ज्यांना मी आजवर मैदानाचे शत्रू समजत होते. तुझी आई बसली. पंकज दुकान बंद करून आला होता. नितेशला त्याच्या बाबांनी चाकाच्या खुर्चीतून आणलं, त्यानं खुर्चीची चाकं बरोबर रेघेवर लावली आणि म्हणाला, "मी तं बसूनच हाओ. मले कोण उठवते पाहू."

मग पोरं आली. पिवळी, धुक्यातून लांबूनच दिसणारी. रेघेजवळ आल्यावर त्यांचे पाय जड झाले, ते मला दिसलं. ती तटकन उठलेली मुलगी तर थांबलीच होती. तुझे बाबा तिच्यावर खेकसले, "चाल, पळ! इथं काय पाहून राहिली?" आणि ती पळाली. सगळी एकामागून एक तुझी रेघ ओलांडून गेली, जिच्यापुढे तुझे पाय कधी धावले नाहीत.

तास संपला. मागं टिप्परांचे हॉर्न सुरू झाले. साहेब आले, आधी समजावलं, मग दरडावलं. मागणीचा कागद घेतला, गोदामाचा प्रस्ताव वर पाठवू म्हणाले. पाठवतील, न पाठवतील. मी मागे लागणार आहे. शेवटी एक तरुण शिपाई वही काढून रेघेशी उकिडवा बसला. तुझ्याच वयाचा. नवी वर्दी, कॉलर अजून ताठ. त्याला पाहून तुझ्या आईनं पदर तोंडाला लावला.

"नावं सांगा," तो म्हणाला. आवाज खाली होता.

मी माझं सांगितलं. बाबांनी त्यांचं सांगितलं, वडिलांच्या नावासकट. मग आई, पंकज, नितेश, शेतकरी. त्यानं मान वर करून पुढं पाहिलं, जिकडं पिवळे ठिपके लहान होत चालले होते.

"आन् ते?"

"ते धावायला आलेत," मी म्हटलं.

त्यानं क्षणभर माझ्याकडं पाहिलं आणि वही मिटली. आमच्या सगळ्यांवर गुन्हा दाखल होईल. होऊ दे. मी ती नावं त्याच्या खांद्यावरून वाचली होती. त्यांत एकही उमेदवार नाही. तुझंही नाव कुठं नाही; पत्रकावरही मी ते टाकलेलं नाही, कारण सही तू भरतीनंतर देणार होतास, आणि ती भरती झाली नाही.

तुझी पडताळणी साफ आहे, रोशन.